गरोदर मातेसाठी मोबाइलवरील आरोग्य संदेश : शेतकरी कुटुंबाने करावयाची तयारी

सल्ला बरोबर असून भागत नाही, तो वेळेवर मिळावा लागतो, हे आपणास वेगळे सांगण्याची गरज नाही. छाटणीनंतर ढगाळ हवामानात द्राक्षावरील केवड्याचा सल्ला चार दिवस उशिरा आला, तर तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी घड हातचा जातो. उसाच्या मोठ्या बांधणीच्या वेळचा खताचा हप्ता तोडणीच्या तोंडावर सांगून काय उपयोग? इंदापूरचा डाळिंब बागायतदार असो की बारामतीच्या जिराईत पट्ट्यातील ज्वारी पिकविणारा असो, वेळापत्रक चुकल्याची किंमत त्याने केव्हा ना केव्हा मोजलेली असते.

घरातील सुनेचे किंवा लेकीचे गरोदरपण हेही असेच वेळापत्रक आहे. पहिली तपासणी पहिल्या बारा आठवड्यांच्या आत व्हावी लागते. लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज सुरू व्हाव्या लागतात. बाळंतपण कोठे करायचे, वाहन कोणते, सोबत कोण जाणार, हे नववा महिना लागण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. गावातील आशा स्वयंसेविका आणि आरोग्य सेविका हे सर्व सांगतातच. परंतु एका आरोग्य सेविकेकडे अनेक गावे आणि वाड्या-वस्त्या असतात. शेतात वस्ती करून राहणाऱ्या कुटुंबापर्यंत ती प्रत्येक आठवड्याला पोहोचू शकत नाही. ही उणीव काही प्रमाणात भरून काढण्यासाठी मोबाइलवरून आठवड्याला एक आरोग्य संदेश ऐकविण्याची पद्धत निघाली. महाराष्ट्रात ती आता शासकीय पातळीवर सुरू आहे. कृषिविषयक मासिकात हा विषय घेण्याचे कारण एवढेच की हा संदेश ज्या मोबाइलवर येतो, तो पुष्कळ घरांत वाचकहो, आपल्या खिशात असतो.

शेती सल्ल्यापासून मिळालेला धडा

मोबाइल आणि संगणकावरून सल्ला देण्याच्या कामात बारामतीचे नाव नवे नाही. मुंबईच्या आयआयटीने २००३ मध्ये ‘आक्वा’ नावाची प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली, तेव्हा शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्याचे काम बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी केले. २००७ मध्ये रॉयटर्स कंपनीने महाराष्ट्रात मराठीतून बाजारभाव व हवामानाचे लघुसंदेश पाठविण्याची सेवा सुरू केली. तिची कार्डे टपाल कार्यालयातही मिळत असत. पुढे २०१३ मध्ये केंद्र शासनाचे ‘एम-किसान’ आले. आपणांपैकी अनेकांनी या सेवा वापरल्या असतील, काहींनी कंटाळून बंदही केल्या असतील.

त्या वीस वर्षांच्या अनुभवातून निघालेल्या काही गोष्टी आरोग्य संदेशालाही जशाच्या तशा लागू पडतात. लेखी संदेशापेक्षा आवाजातील संदेश अधिक लोकांपर्यंत पोहोचतो, कारण ऐकायला शिक्षण लागत नाही आणि बारीक अक्षर वाचायला चष्मा शोधावा लागत नाही. पीक कोणते व ते किती दिवसांचे हे पाठविणाऱ्याला ठाऊक नसेल, तर संदेशाचा भडिमार होतो आणि माणूस ते न वाचताच पुसून टाकतो. आणि शंका विचारण्याची सोय नसेल, तर ऐकलेले अर्धे वाया जाते. या तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवून पुढील माहिती वाचावी.

‘किलकारी’ म्हणजे काय?

‘किलकारी’ ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ध्वनिसंदेश सेवा आहे. तिची सुरुवात २०१३ मध्ये बिहारमध्ये झाली. बीबीसी मीडिया ॲक्शन या संस्थेने ती तयार केली होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र शासनाने ती राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली आणि निरनिराळ्या राज्यांत टप्प्याटप्प्याने नेली. २०१९ पासून मंत्रालयाबरोबर तिचे काम मुंबईची ‘आरमान’ ही संस्था पाहते. महाराष्ट्र आणि गुजरात या राज्यांत तिचा आरंभ फेब्रुवारी २०२४ मध्ये करण्यात आला. म्हणजे सेवा देशाला जुनी असली तरी आपल्याकडे नवीच आहे.

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे एकूण ७२ ध्वनिमुद्रित संदेश ऐकविले जातात. संदेश थोडक्यात असतो आणि कुटुंबाला त्याचा खर्च येत नाही. हिंदी संदेशांत ‘डॉक्टर अनिता’ नावाचे एक काल्पनिक पात्र बोलते. एखाद्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईने घरी बसून सांगावे तसा तिचा सूर आहे. संदेश ऐकायचा राहिला किंवा पुन्हा ऐकावासा वाटला, तर नोंदविलेल्या मोबाइलवरून १४४२३ हा क्रमांक फिरविता येतो.

कोणत्या आठवड्यात कोणता संदेश जावा, हे संगणक ठरवितो. त्यासाठी तो दोनच गोष्टींवर अवलंबून असतो. एक म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख (प्रसूतीनंतर बाळाची जन्मतारीख) आणि दुसरी म्हणजे मोबाइल क्रमांक. या दोन्ही बाबी आशाताई किंवा आरोग्य सेविका नोंदणीच्या वेळी घेतात आणि त्या माता व बाल आरोग्याच्या शासकीय संगणक नोंदीत जातात. पेरणीची तारीखच चुकीची लिहिली तर पुढचे सारे पाण्याचे व खताचे वेळापत्रक चुकते, तसेच येथे आहे. आपल्याकडे तारीख अनेकदा ‘नागपंचमीच्या आगेमागे’ अशी सांगितली जाते. तेवढ्यावर लिहून घेतलेली तारीख तीन-तीन आठवडे मागे-पुढे होऊ शकते. म्हणून पाळीची तारीख दिनदर्शिकेवर खूण करून ठेवण्याची सवय घरातील प्रत्येक विवाहित मुलीने लावून घ्यावी. तारीख नक्की आठवत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. सोनोग्राफीवरून डॉक्टर अंदाज दुरुस्त करू शकतात, तो आरोग्य सेविकेला कळवून नोंद सुधारून घ्यावी.

फोन कोणाच्या खिशात?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या महिलांचे प्रमाण देशाच्या ग्रामीण भागात शंभरात सुमारे ४७ एवढे आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक ग्रामीण महिलांचा स्वतःचा मोबाइल नव्हता. गेल्या काही वर्षांत परिस्थिती सुधारली असेल, बारामती-इंदापूरसारख्या बागायती तालुक्यांत ती अधिक चांगलीही असेल. तरीही नोंदणीच्या वेळी ‘नंबर सांगा’ म्हटले की सून सासूकडे पाहते आणि शेवटी नवऱ्याचा क्रमांक लिहिला जातो, हे आरोग्य सेविकांकडून हमखास ऐकावयास मिळते.

यापुढे काय होते ते पाहा. संदेशाचा फोन येतो तेव्हा नवरा मोटार चालू करायला विहिरीवर गेलेला असतो, दूध संकलन केंद्रावर रांगेत असतो किंवा टोमॅटोच्या क्रेट घेऊन बाजार समितीत असतो. क्रमांक अनोळखी दिसतो. ‘किलकारी’चे फोन देशभर ०१२४-४४५१६६० या एकाच क्रमांकावरून येतात. ०१२४ हा महाराष्ट्राबाहेरचा संकेतांक पाहून माणूस तो कर्जाचा किंवा विम्याचा फोन समजून तोडतो. सध्या मोबाइलवरून होणाऱ्या फसवणुकीच्या बातम्या रोज वाचावयास मिळतात, त्यामुळे त्याची तशी चूकही म्हणता येत नाही. उचललाच, तर पलीकडून बाईचा आवाज गर्भातल्या बाळाविषयी बोलू लागतो. चार माणसांत हा संकोचतो आणि बंद करतो. संध्याकाळी घरी आल्यावर ते सांगायचे राहून जाते. असे सलग काही आठवडे घडले म्हणजे त्या क्रमांकावर कोणी ऐकत नाही असे समजून यंत्रणा फोन करणे थांबविते. ज्या माउलीसाठी हा सारा खटाटोप, तिला आपल्या नावाने असा फोन येत होता हेसुद्धा कळत नाही.

यावर उपाय घरातच आहे आणि तो बिनखर्चाचा आहे. पहिली गोष्ट म्हणजे वरील क्रमांक ‘किलकारी’ किंवा ‘आशाताई फोन’ अशा नावाने मोबाइलमध्ये साठवून ठेवावा, म्हणजे कोणाचा फोन आहे हे पडद्यावर दिसेल. हा संदेश केवळ ऐकण्याचा असतो. बँकेचा खाते क्रमांक, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागणारा कोणी ‘किलकारी’चे नाव सांगत असेल, तर तो खोटा समजून फोन बंद करावा. दुसरी गोष्ट, घरात दोन मोबाइल असतील तर जो दिवसभर घरी राहतो त्याचा क्रमांक नोंदवावा. आणि मोबाइल एकच असेल व तो आपल्याबरोबर शेतात येत असेल, तर चुकलेला फोन दिसताच त्या रात्री जेवणानंतर १४४२३ लावून तो मोठ्या आवाजात ठेवावा. सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही ऐकावे. आठवड्यातील एवढ्या थोड्या वेळाने कोणाचे काम अडत नाही. घरातील जुन्या-जाणत्या बाईशी सुनेला वाद घालावा लागू नये, हाही त्याचा एक फायदा आहे. ‘ताक पिऊ नको, पपईचे नाव काढू नको, जास्त खाशील तर मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल’ अशा समजुतींना सून उत्तर देऊ शकत नाही. फोनवरचा परका आवाज देऊ शकतो.

रिचार्जविषयीही एक शब्द. पूर्वी शिल्लक संपली तरी येणारे फोन चालू राहत. आता कंपन्यांचा किमान रिचार्ज नसेल तर काही दिवसांनी येणारे फोनही बंद पडतात. शेतकरी आपल्या मोबाइलचा रिचार्ज चुकू देत नाही, परंतु घरातील बाईचा जुना मोबाइल मात्र ‘लागतो कशाला’ म्हणून तसाच राहतो. निदान गरोदरपणाचे आणि बाळाच्या पहिल्या वर्षाचे महिने तरी तो चालू ठेवावा. स्वस्त पडते म्हणून सिमकार्ड बदलण्याची चटकही या काळात आवरावी. क्रमांक बदलणे भागच पडले, तर नवा क्रमांक त्याच आठवड्यात आशाताईला द्यावा.

मुंबईतील अनुभव

याच ‘आरमान’ संस्थेची मूळची ‘एममित्र’ नावाची सेवा आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ही संस्था स्थापन केली. मुंबईतील रुग्णालयांत व वस्त्यांत नाव नोंदविलेल्या गरोदर महिलांना ‘एममित्र’ मराठी-हिंदीतून ध्वनिसंदेश पाठविते. तिचा एक विशेष असा की नोंदणीच्या वेळी महिलेला फोन कोणत्या वेळी यावा हे विचारले जाते. शेतीत पाणी सोडण्यापूर्वी वीज कोणत्या वेळी येणार हे आपण पाहतो, तितकीच ही साधी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे पुष्कळ फरक पडतो.

तरीही बऱ्याच महिला मध्येच ऐकणे सोडतात, असे त्यांना आढळले. सगळ्यांना कर्मचाऱ्यांकरवी फोन करून विचारपूस करणे शक्य नव्हते. तेव्हा गूगलच्या भारतातील संशोधन विभागाने आणि मद्रास आयआयटीने मिळून संगणकाला असे शिकविले, की कोण ऐकणे सोडण्याच्या बेतात आहे आणि कोणाला विचारपूस केली तर ती पुन्हा ऐकू लागेल, हे त्याने आधीच ओळखावे. सुमारे २३ हजार महिलांवर केलेल्या प्रयोगात गळती साधारण ३० टक्क्यांनी कमी झाली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की एवढ्या मोठ्या यंत्रणेलासुद्धा अखेर माणसाने माणसाला फोन करून ‘बाई, ऐकतेस ना?’ असे विचारावे लागले. आपल्या वाडीवर हे काम आपली शेजारीणही करू शकते.

ऊसतोडणीचा हंगाम आणि फिरता फोन

बारामती व इंदापूर हे दोन्ही तालुके साखर कारखान्यांचे आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की अहिल्यानगर, बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या जोडीतील बाई गरोदर असणे ही अपवादाची गोष्ट नाही. पहाटे थंडीत फडात उतरायचे, दिवसभर मोळ्या बांधायच्या आणि वीस-पंचवीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, असे तिचे काम असते.

माझ्या मते मोबाइल संदेशाचा खरा उपयोग कोणाला असेल तर या बाईला आहे. तिचे कार्ड गावाकडे पेटीत राहते, तिची आशाताई दोनशे किलोमीटर दूर राहते, परंतु मोबाइल मात्र तिच्याबरोबर कोपीवर येतो. गावी झालेल्या नोंदणीवरून संदेश जेथे ती असेल तेथे पोहोचू शकतो. अडचण एवढीच की कोपीवर वीज नसते आणि मोबाइल चार्ज होत नाही. आपल्या उसाचा फड तोडायला टोळी आली असेल, तर रात्री दोन-तीन मोबाइल चार्ज करून देणे हे कोणत्याही ऊस बागायतदाराला जड नाही. टोळीत गरोदर बाई आहे असे कळल्यास मुकादमाकडे चौकशी करून गावच्या आशाताईला तिची कल्पना द्यावी. लसीचा राहिलेला डोस, रक्ताची तपासणी आणि गोळ्या येथील उपकेंद्रातही मिळतात. सहाव्या-सातव्या महिन्यानंतर मोळी वाहण्याचे काम तिच्याकडून करून घेऊ नये, असे टोळीला स्पष्ट सांगावे. उचल फेडण्याच्या धास्तीने ती बाई स्वतः कधीच नाही म्हणणार नाही.

गोळ्या घरात, रक्त मात्र कमी

सत्तरेक संदेशांतील सगळे येथे देण्याचे प्रयोजन नाही. मात्र एका विषयावर थोडे थांबणे जरूर आहे. वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ४६ गरोदर महिलांच्या रक्तात लोहाची कमतरता दिसून येईल इतके हिमोग्लोबिन कमी होते. देशाचे प्रमाण ५२ होते. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग आणि ७ ग्रॅमच्या खाली गेले की तो तीव्र समजतात. अशी महिला बाळंतपणातील साधा रक्तस्रावही सोसू शकत नाही. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. देशाच्या ९७ च्या मानाने ते पुष्कळ चांगले, पण केरळचे १९ होते, हेही लक्षात ठेवावे.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निदान १८० गोळ्या, रोज एक, चौथ्या महिन्यापासून घ्यावयाच्या असतात. मग रक्त कमी का? अनेक घरांत गोळ्यांची पाकिटे फळीवर तशीच सापडतात. गोळीने मळमळते, शौच काळे होते, पोट साफ होत नाही, म्हणून बाई ती सोडून देते आणि विचारायला कोणी नसते. नेमक्या याच आठवड्यात फोनवरून कोणी सांगितले की शौच काळे होणे धोक्याचे नाही, गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, तर ती गोळी चालू राहते. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू-पाण्याबरोबर किंवा पेरूसारख्या फळाबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. आपल्याला हे समजायला अवघड नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही उसाची पाने पिवळी पडतात, कारण ते पिकाला घेता येत नाही. पोटातही गोष्ट काहीशी तशीच आहे.

दुसरी गोष्ट चिकाच्या दुधाची. गाय व्याली की वासराला पहिल्या तासाभरात चीक पाजावा, हे सांगायला गोठ्यात कोणी तज्ज्ञ लागत नाही. चीक चुकला तर वासरू रोगाला बळी पडते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच घरात माणसाच्या बाळाला मात्र पहिले पिवळसर दूध ‘जड’ म्हणून पिळून टाकतात आणि मध किंवा गुळाचे पाणी चाटवितात. बाळाला जन्मानंतर एका तासाच्या आत छातीशी लावावे आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणी, मध, घुटी काहीही देऊ नये.

फोनने काय होत नाही

या सेवेचे कौतुक करताना तिच्या मर्यादाही सांगणे कर्तव्य आहे. मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत सुमारे पाच हजार महिलांवर २०१८ ते २०२० या काळात ‘किलकारी’ची शास्त्रीय पाहणी झाली. दोन मुलांतील अंतरासाठी साधने वापरण्याच्या प्रमाणात संदेश मिळालेल्या महिलांत वाढ दिसली. परंतु निव्वळ स्तनपानासारख्या काही बाबतींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. आफ्रिकेतील झांझिबार बेटावर गरोदर महिलांना लघुसंदेश आणि दाईला फोन करण्यासाठी शिलकीची कार्डे देण्यात आली होती. तेथे प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून बाळंतपण करणाऱ्यांची संख्या शहरी भागात चांगली वाढली, खेड्यांत मात्र तसे झाले नाही. फोन निघण्याची आठवण देतो. वाटेवरचा ओढा आणि रात्रीचे वाहन त्याला आणून देता येत नाही.

फोनला रक्त तपासता येत नाही, रक्तदाब मोजता येत नाही आणि पोटातील बाळाची स्थिती कळत नाही. त्यासाठी किमान चार वेळा तपासणीला जावेच लागते. दर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात शासकीय रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ही तारीख पाणीवाटपाच्या पाळीसारखी पाठ करावी. अंगावरून रक्त जाणे, डोके खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंडावर व हातांवर सूज, झटका, बाळाची हालचाल मंदावणे, दिवस भरण्याआधी पाणी जाणे यांपैकी काहीही झाले तर पुढच्या आठवड्याच्या संदेशाची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि थेट रुग्णालय गाठावे. वस्तीवर राहणाऱ्यांनी रुग्णवाहिकेला रस्ता कसा सांगायचा हे आधीच ठरवून ठेवावे. रात्री दोन वाजता ‘कॅनॉलच्या अलीकडे बाभळीजवळ’ एवढ्याने चालकाला घर सापडत नाही.

बागायती शिवारातील प्रश्न

देशभरातील खेड्यांसाठी तयार केलेल्या संदेशांत आपल्या शिवारातील खास प्रश्न येतीलच असे नाही. कृषिविद्येचा अध्यापक म्हणून त्यांपैकी दोन येथे घालतो. द्राक्षाच्या छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचे पेस्टिंग करतात आणि हे काम बहुधा बायकांकडेच असते. गरोदर बाईला या कामावर, तसेच कीडनाशकांचे मिश्रण करणे, फवारणी किंवा फवारणी झालेल्या बागेत लगेच विरळणी करणे या कामांवर ठेवू नये. फवारणीचे कपडे तिला धुवायला देऊ नयेत, हे तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

दुसरे गोठ्यातील. गायीचा, म्हशीचा किंवा शेळीचा गर्भपात झाला, तर ती वार, तो गर्भ किंवा तेथील गवत गरोदर बाईने हाताळू नये. सांसर्गिक गर्भपाताचा रोग माणसालाही होतो. वार खड्ड्यात चुना टाकून दुसऱ्या कोणीतरी पुरावी आणि घरातील दूध उकळूनच प्यावे, संकरित गायीचे असो की शेळीचे. बारामतीत वसुंधरा वाहिनीसारखे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रही आहे. अशा स्थानिक सूचना छाटणीच्या आणि व्यायणाच्या हंगामात त्यांच्यामार्फत आवाजातून गेल्या, तर त्या राष्ट्रीय संदेशाला चांगली जोड होईल. आपल्या भागात असा प्रयत्न व्हावा असे वाटत असेल, तर महिला बचत गटाने तशी मागणी लेखी करावी.

नोंदणी करताना

गरोदरपणाची शंका येताच उपकेंद्रात नाव नोंदवावे, तिसरा महिना उलटू देऊ नये. बरोबर आधार कार्ड, शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू मोबाइल क्रमांक न्यावा. क्रमांक पाठ नसेल तर कागदावर लिहून द्यावा, एक आकडा चुकला तरी बाईच्या गरोदरपणाचे संदेश भलत्याच घरी जातात. आरोग्य सेविकेने लिहिलेला क्रमांक तिच्याकडून पुन्हा वाचून घ्यावा. चौथा महिना संपून पाचवा लागला तरी एकही फोन आला नाही, तर तो क्रमांक संगणकावर चढला आहे किंवा नाही हे आशाताईंकडे विचारावे. पहिलटकरीण बाळंतपणासाठी माहेरी जाते तेव्हा तिचा मोबाइलही तिच्याबरोबर द्यावा. नोंदलेला मोबाइल नवऱ्याचा असेल, तर माहेरी जाण्यापूर्वी आशाताईंना सांगून तिच्या आईचा किंवा भावाचा क्रमांक नोंदीत बदलून घ्यावा.